घरच्या हाटेलाला वरची बोली

"तोटा कुणाचा? नाव घेऊन सांग."

"हाटेलाचा. घेतलं नाव. आता?"

"आता पुन्हा घे. ह्या पातेल्यापुढं उभं राहून घे."

"भाभी, पातेलं उकळतंय म्हंजे धंदा चाललाय, असं नसतं."

"आन् कागद फडफडला म्हंजे धंदा कळला, असं असतंय व्हय?"

करिमाच्या हातात पळी होती आणि तौसिफच्या हातात कागद. भिगवणच्या हायवेवर 'हॉटेल मेहरीन'ची दुपारची गिऱ्हाइकं नुकतीच उठून गेली होती. टेबलांवर अजून काटे पडलेले, लिंबाच्या फोडी पिळून टाकलेल्या. तौसिफ तिचा धाकटा दीर. बी.कॉम. होऊन पुण्यात एका कंपनीच्या अकौंट्समध्ये चार वर्षं काढून गेल्या वर्षी घरी परतला होता. पोरगा वाईट नव्हता, पण चार वर्षांत त्याला एकच सवय लागली होती. बोलण्याआधी तो कागद काढायचा.

"चाळीस हजार भाडं देतोय माणूस," तो म्हणाला. "महिन्याला. पुण्यात त्याची बिर्याणीची तीन दुकानं हायेत. आपण काय करायचं? काहीच न्हाय. भाकरी थापायची न्हाय, काटं उचलायचं न्हाय. आत्ता हाटेल महिन्याला पंधरा हजार खातंय. खाणारं तोंड बंद करायचं आन् देणारा हात धरायचा. सोपं हाय."

"तुला सोपं. तू भाकरी मोडतोस, थापत न्हाईस."

"अब्बा, बघा! हिशेबाचं बोललं की ही भाकरीवर येती."

अमजदभाई लाकडी गल्ल्यामागे बसले होते. घरचे धंदे दोन. हायवेच्या अंगाला हाटेल, आणि त्याच आवारात मागच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये मासळीची आडत. उजनीच्या पाण्यात होड्या घालणारी माणसं पहाटे तिथं माल आणत. लिलाव व्हायचा, व्यापारी माल उचलायचे, आडतीला कमिशन मिळायचं. आडत बघायचा थोरला मुलगा नईम, करिमाचा नवरा. हाटेल बघायची करिमा. आणि दोन्हींचा पैसा येऊन पडायचा तो अमजदभाईंच्या ह्या एका गल्ल्यात. एक चूल, एक गल्ला, ही त्यांची शिस्त. ती त्यांच्या वडिलांपासून चालत आली होती.

"महिनाअखेरला इसार घेऊ," अमजदभाई म्हणाले. "तवर बोलायचं ते बोलून घ्या. पुन्हा माझ्या कानाशी नको."

करिमाने दाराकडे पाहिलं. नईम उंबऱ्याशी बसून पायांना चिकटलेली खवलं धूत होता.

"आवो, तुमी काय तरी बोला की."

"अब्बा म्हणतील ते," नईम म्हणाला, आणि दुसरा पाय पुढे घेतला.

*

करिमा वरकुट्याची. बाप उसाचा शेतकरी, घरात मासा कधी शिजला नाही. लग्न होऊन आली त्या पहिल्या आठवड्यात सासूने, मेहरीनबीने, तिच्यापुढं जिवंत मरळ टाकली. मरळीने उडी घेतली, आणि करिमाने तिच्याही पलीकडे. मेहरीनबी पोट धरून हसली. मग म्हणाली, "ती घाबरलीय म्हणून उडती. तू कशाला उडतीस?"

तेव्हा हाटेल म्हणजे चहाची टपरी आणि मागे एक तवा. आडतीवर आलेल्या माणसांना चहा द्यायचा, कुणी मागितलंच तर मासा तळून द्यायचा. मेहरीनबीने तव्याशेजारी चूल घातली. करिमाने चुलीशेजारी टेबलं मांडली. मेहरीनबी गेल्यावर गेली बारा वर्षं हाटेल तिच्या एकटीच्या अंगावर होतं. लॉकडाऊनात हायवे सुना पडला तेव्हा ती अडकलेल्या ट्रकवाल्यांना डबे देत होती. हिवाळ्यात गळ्यात कॅमेरे अडकवून पुण्याची माणसं पक्षी बघायला येतात, त्यांना चिलापीचे काटे कसे काढायचे हेही तिनेच शिकवलेलं. मागच्या डिसेंबरात एकजण म्हणाला होता, "मावशी, फ्लेमिंगो नाही दिसले, पण तुमचा रस्सा दिसला." तो मूर्खपणा तिला फार आवडला होता.

आणि ते आता तोंड झालं होतं. खाणारं तोंड.

रात्री तिने तौसिफचा कागद मागून घेतला. हाटेलाच्या नावापुढं खर्चाच्या ओळी होत्या. गॅस, पीठ, तेल, दोन बायांचा पगार ह्या तिच्या ओळखीच्या. पण सगळ्यांत जाड आकडा मासळीचा होता. तो बघून ती थबकली.

"एवढी मासळी मी कवा शिजवली?"

"भाव बघ की भाभी. दोनशे वीस."

"छोट्या चिलापीला?"

तौसिफने खांदे उडवले. "आडतीवर भाव लागतो तो लागतो."

*

लग्न झाल्यापासून करिमा लिलावाला कधी उभी राहिली नव्हती. होड्यांवरच्या बाया यायच्या, पण शेख घराण्याच्या बाया शेडमध्ये येत नसत. मासळी पाटीतून स्वयंपाकघराच्या दारात यायची आणि भाव परस्पर गल्ल्याकडे जायचा. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने ओढणी डोक्यावर घट्ट घेतली आणि शेडच्या खांबाला टेकून उभी राहिली. नईमने तिला पाहिलं. त्याचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर गेला.

"कटला! मोठा कटला! दीडशे... एकशे ऐंशी... दोनशे... दोनशे वीस! दोनशे वीस एकवार!"

लोक पाट्यांवर वाकत, बोटांनी कल्ले उचलून बघत. मोठा कटला गेला, रोहू गेला, मृगळ गेला, पण दोनशे वीसच्या वर बोली गेली नाही. व्यापारी टेम्पोकडे वळले. मागे राहिल्या दोन पाट्या. हाताच्या पंज्यात मावेल अशी चिलापी. तिला कुणी बोली लावली नव्हती.

"हाटेलाला," नईम म्हणाला. "वरच्या बोलीनं. दोनशे वीस."

"थांबा," करिमा म्हणाली.

शेड थांबली. बर्फ फोडणारा माणूससुद्धा थांबला.

"ही चिलापी दोनशे वीसची हाय? बाजारात एकशे वीसनं कुणी हात लावणार न्हाय हिला."

नईमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तो काही बोलायच्या आत पाट्यांमागून प्रयागबाई उठली. साठीची बाई. नवऱ्यामागं गोकुळला, आपल्या मुलाला, घेऊन होडी चालवणारी. चिलापी तिचीच होती.

"करिमा, तू ह्या घराला नवी न्हाईस, पर लिलावाला नवी हाईस. तुला ठावं न्हाय. ऐक. आमच्या सासऱ्याच्या वक्ताला एक आडत्या हुता. त्याची खानावळ हुती. पाटीतला बरा मासा काढायचा आन् म्हणायचा, घरला नेतो, अर्धा भाव लाव. घर त्याचं, आडत त्याची, तराजू त्याचा. आमी काय बोलणार? मग तुझ्या आजेसासऱ्यानं, दादामियांनं, हितं शेड टाकली तवा नदीच्या काठावर शब्द दिला. म्हणाला, माझ्या घरात जाईल तो मासा, दिवसाच्या वरच्या बोलीनं जाईल. लहान असो, मोठा असो. आन् उरलेला मासा माझं घरच घेईल."

"पण मावशे, त्यात हाटेल मरतंय."

"मरू दे न्हाय तर जगू दे, ते तुमचं घरातलं. शब्द मोडला तर माझी होडी पलीकडच्या शेडला लागंल. माझ्यामागनं ह्या सगळ्यांच्या."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मग सगळा घोळका, रोजच्यासारखा, मागच्या दाराने हाटेलात शिरला. कारण दुसरा शब्द असा होता, की ज्याची होडी ह्या शेडला लागेल तो उपाशी परतणार नाही. भाकरी आणि रस्सा, पोटभर, फुकट. प्रयागबाईसुद्धा आली. बसली, आणि म्हणाली, "आज मीठ कमी पडलं का गं? का माझ्यावर राग हाय?"

करिमाने मिठाचा डबा तिच्यापुढं सरकवला. ती मोजत होती. बाकांवर बसलेली माणसं मोजत होती.

*

बारामतीला भिगवण रोडवर एका बँकेच्या वर माधवी मॅडमचं ऑफिस होतं. शेखांच्या घरचे टॅक्सचे कागद तीच भरायची. वय पस्तिशीचं, बोलणं झपाझप, टेबलावर अर्धवट खाल्लेला वडापाव.

"करिमाभाभी! तुम्ही? अमजदभाई बरे आहेत ना?"

"बरे हायेत. म्याडम, मला सांगा, एका घरात दोन धंदे असले तर कुठला जगतोय आन् कुठला मरतोय हे कसं कळतं?"

माधवीने वडापाव बाजूला ठेवला. "एका बेरजेतून नाही कळत. एकच गल्ला असला की सगळं पाणी एका पिंपात. पिंप भरलेलं दिसतं, गळती कुठं आहे ते दिसत नाही. तुमच्या माहेरी कारखान्याचा अहवाल येतो का? सभासदांना वाटतात तो?"

"येतो. आमची आई तो फळीवर अंथरती. वर डबे ठेवती."

"पुढच्या खेपेला डबे उचलून बघा. साखर वेगळी, डिस्टिलरी वेगळी, वीज वेगळी दाखवलेली असते. का? तर साखर तोट्यात असली आणि वीज फायद्यात असली तर नुसत्या बेरजेत ते लपतं. शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांना तर तसं वेगळं दाखवायचा नियमच आहे. आता गंमत बघा. उसाचा चोथा, बगॅस, साखरेकडून विजेकडे जातो. घरच्या घरात. त्याचा भाव काय लावायचा?"

करिमा खुर्चीत पुढे सरकली.

"चोथा फुकट दिला तर वीज गबर दिसेल. महाग लावला तर साखर गबर दिसेल. पैसा दोन्ही वेळेला तेवढाच. पण कुणाला शहाणं म्हणायचं आणि कुणाला उधळ्या, ते त्या एका भावावर ठरतं."

"आमचा चोथा दोनशे वीसनं जातो," करिमा म्हणाली, आणि सगळं सांगितलं. लिलाव, शब्द, भाकरी.

माधवी बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "शब्द मोडायचा नाही ना?"

"न्हाय. होड्या जातील."

"होड्या कुणाच्या दाराला लागतात? हाटेलाच्या का आडतीच्या?"

"आडतीच्या."

"मग त्या शब्दाची किंमत कुणी भरायची?"

करिमा उठलीच. माधवीने तिला हाताने खाली बसवलं.

"थांबा, अजून निम्मंच झालंय. आता तुमच्याकडून. हाटेलाची जागा कुणाची? भाडं लावलंय?"

"घरचीच जागा की."

"बर्फ?"

"आडतीचा."

"टेम्पो?"

"तोबी आडतीचाच."

"हे बघा भाभी, तुम्हाला जिंकायचं असेल तर माझ्याकडे येऊ नका, वकिलाकडे जा. वाटणी करायची तर दोन्ही बाजूंची. घरातल्या घरात जे जे इकडचं तिकडं जातं, त्या सगळ्याला बाहेरच्यासारखा भाव. आणि शेवटी दोघांची बेरीज गल्ल्याशी जुळली पाहिजे. एक रुपया इकडचा तिकडं झाला तर समजायचं, आपण कुठंतरी स्वतःला फसवलं."

"आन् माझा पगार?"

"नईमभाईंचा लावलाय?"

"न्हाय."

"मग तुमचाही नाही. सगळ्यांना एक नियम. आणि घरात निर्णय कोण घेतं?"

"अब्बा."

"मग अब्बांना कळेल असं मांडा. मला कळून काय उपयोग?"

*

त्या महिन्यात हाटेल मेहरीनमध्ये दोन नव्या गोष्टी झाल्या. मागच्या दाराशी चिंचोक्यांची बरणी आली. सकाळी आडतीवरचा माणूस जेवून उठला की एक चिंचोका बरणीत. प्रयागबाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "हे काय, आमचं वजन करतीस?" करिमा म्हणाली, "तुमचं न्हाय मावशे, माझं." प्रयागबाई ते बोलणं चघळत गेली. दुसऱ्या दिवसापासून तीच बाकीच्यांवर ओरडायला लागली, "ए गोकुळ, चिंचोका टाकल्याशिवाय हात धुतलास? बाईचा हिशेब बुडवशील!"

दुसरं म्हणजे आलेली मासळी करिमा आता दोन पाट्यांत निवडून घ्यायची, मोठी एकीकडे, बारीक एकीकडे. बारीक मासळी बाहेर कितीला जाते, हे ती इंदापूरच्या बाजारात जाऊन विचारून आली होती. तिथल्या बाईने आधी एकशे तीस सांगितला, घेणारी नाही असं कळल्यावर एकशे वीस. करिमाने एकशे वीस धरला. शब्दाप्रमाणे प्रयागबाईला दोनशे वीस मिळतच होते. त्याला तिने बोट लावलं नाही.

तौसिफ येता-जाता बघायचा. "भाभी, चिंचोक्यावर कंपनी चालती का?"

"तुझ्या पुण्याच्या कंपनीत काय वापरायचे?"

"सॉफ्टवेअर."

"ते भाजून खाता येतं का?"

तो हसला. मग हळूच खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "एक गोष्ट सांगू? माझा कागद चुकीचा न्हाय. अब्बांनी जे आकडे दिले ते मी मांडले."

"मला ठावं हाय," करिमा म्हणाली. "तू खोटा न्हाईस. तू कवा लिलावाला उभा न्हाई राहिलास, एवढंच. मी बी न्हाई राहिले."

महिना संपत आला तेव्हा एका दुपारी तिने मांडणी करून पाहिली. मासळीचा जास्तीचा भाव आडतीच्या अंगावर टाकला, सकाळच्या भाकऱ्या टाकल्या, आणि हाटेल साठ हजारांनी वर आलं. साठ! तिने बोटावर पुन्हा मोजलं. उठून चुलीत लाकूड सारलं, परत येऊन मोजलं. खरंच साठ.

आता फक्त बर्फ, टेम्पो आणि जागेचं भाडं राहिलं होतं.

भाडं. चाळीस हजार. ही टेबलं मांडली कुणी? फरशी घातली कुणी? नळ दुरुस्त कुणी केला? आपल्याच घरात राहून आपणच भाडं भरायचं? तौसिफच्या कागदात भाड्याची ओळ नव्हती. तिने ती ओढून आणली नसती तर कुणी विचारलंही नसतं. भाजीवाला येऊन गेला, तिने कोथिंबीर घेतलीच नाही.

मग तिच्या डोक्यात उलटंच आलं. बिर्याणीवाला काय देतोय? चाळीस. मग आपण चाळीस देऊनही उभ्या राहिलो तर? तर त्याला कुठल्या तोंडाने आत घेतील?

तिने भाडं लावलं. बर्फ आणि टेम्पोचे आठ लावले. खाली उरले बारा हजार. साठाचे बारा झाले. पण हे बारा तिचे होते, कुणाच्या उपकाराचे नव्हते. कुणी कुठूनही ढकललं तरी ते पडणार नव्हते.

मग तिने आडतीची बाजू मांडली, आणि हात थांबला. तौसिफच्या कागदात आडत नव्वद हजारांची होती, घरची शान. आता तिच्यापुढं उरले होते तेवीस.

नईमची आडत. पहाटे उठून, थंडीत पाण्यात पाय सोडून चालवलेली.

*

शुक्रवारी नमाजानंतर सगळे हाटेलात बसले. अमजदभाई गल्ल्यामागून उठून टेबलाशी आले, हेच मोठं होतं. करिमाने कागद पुढं केला नाही. तिने दोन परड्या मांडल्या आणि तांदळाच्या मुठी घेतल्या.

"अब्बा, एक मूठ म्हंजे हजार रुपये. ही परडी आडतीची, ही हाटेलाची. तौसिफच्या हिशेबानं हितं नव्वद मुठी. आन् हितं काहीच न्हाय, उलट पंधराचा खड्डा."

"बरोबर," तौसिफ म्हणाला.

"आता प्रयागबाईला जो वरचा भाव जातो, त्यातला मालाचा खरा भाव मी भरते. वरचा भाग दादामियांच्या शब्दाचा. शब्द आडतीचा. म्हणून पंचेचाळीस मुठी हितनं तितं." तांदूळ एका परडीतून दुसऱ्या परडीत पडला. "सकाळच्या भाकऱ्या. होड्या आडतीला लागाव्या म्हणून वाढलेल्या. आणखी तीस."

"अगं, ती भाकरी म्हंजे पुण्य हाय," अमजदभाई म्हणाले.

"पुण्य हायच अब्बा. पण ते आडतीच्या नावावर जमा होतंय आन् माझ्या पिठावर लिहिलं जातंय."

तौसिफ फस्सकन हसला. अमजदभाईंनी त्याच्याकडे पाहिलं तसा थांबला.

"ह्यातल्या पंधरा आधीच्या खड्ड्यात गेल्या, उरल्या साठ. आता माझ्याकडचं. बर्फ आन् टेम्पो, आठ मुठी परत आडतीला. आन् जागेचं भाडं चाळीस. हे आडतीला न्हाय, हे घराला. तुमच्यापुढं." तिने अमजदभाईंच्या पुढ्यात तिसरी परडी ठेवली. "बिर्याणीवाला देणार होता तेवढंच. आता हाटेलात बारा उरलं. आडतीत तेवीस."

अमजदभाई तिन्ही परड्यांकडे बघत राहिले. बोटं हलत होती.

"चाळीस, बारा, तेवीस... पंच्याहत्तर." मग तौसिफकडे वळले. "तुझं किती हुतं?"

"नव्वदातनं पंधरा गेले... पंच्याहत्तर."

"मग हे येवढं तांदूळ सांडून फरक काय पडला? पैसा तेवढाच!"

"पैसा तेवढाच राहणार, अब्बा. तो वाढला असता तर मी खोटी. फरक एवढाच, की बिर्याणीवाल्याला जागा दिली असती तर ही चाळीस आली असती, माझी बारा गेली असती, आन् सकाळची भाकरी तुमाला त्याच्याकडनं इकत घ्यावी लागली असती. उरलेली बारीक चिलापी तर त्यानं घेतलीच नसती. ती आडतीवर कुजली असती आन् तिचे दोनशे वीस तरीबी प्रयागबाईला द्यावे लागले असते."

तौसिफने मान खाली घातली. खिशातून पेन काढलं, टेबलाच्या कडेवर काहीतरी मांडलं, खोडलं. "ते मी धरलं नव्हतं," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, अब्बांना, "भाभीचं बरोबर हाय. जागा देऊ नका."

अमजदभाईंनी दाढीवरून हात फिरवला. "त्या माणसाला फोन करून सांग. इसार नको म्हणावं." आणि करिमाला, "हाटेल तुझंच. पण आता ह्यानं काय करायचं?" त्यांचं बोट आडतीच्या परडीकडे होतं.

नईम त्या परडीकडेच बघत होता. तळाला थोडासा तांदूळ.

"बंद करा की," तो म्हणाला. आवाज लिलावातला नव्हता, बसका होता. "कमी पडतं ते बंद करायचं, हाच नियम चाललाय ना घरात? सकाळी कुणी उठायला नको."

"बंद करायला न्हाय मांडलं मी," करिमा म्हणाली.

"मग कशाला मांडलंस? सरळ म्हण की, दहा-बारा वर्षं नवरा तुझ्या तव्यावर जगतोय."

"तसं न्हाय हो. माझा तवा तुमच्या इमानावर तापतोय. आडत नसली तर मला ताजा मासा कोण देणार? शब्द पाळताय तुमी, म्हणून होड्या येतात. तो शब्द महाग हाय. पण महाग हाय हे तुमाला तरी कुठं कळत हुतं? कळलं तर कमिशन थोडं वाढवता येईल, व्यापाऱ्यांशी बोलता येईल. बारीक मासळी सुकवून बघता येईल. न कळता काय करणार? नव्वद बघून खूश राहणार, आन् एक दिवस शेडच बसंल."

"लई शिकलीस बारामतीला जाऊन."

"व्हय. शिकले."

तौसिफने खुर्ची सरकवली, उठावं का बसावं हे न कळून. अमजदभाईंनी हाताने त्याला खाली बसवलं.

करिमाने परड्या बाजूला केल्या आणि ती नवऱ्यासमोर येऊन बसली. लग्न झाल्यापासून घरातल्या माणसांसमोर ती त्याच्याशी इतक्या जवळून कधी बोलली नव्हती. आवाज तिने खाली आणला, पण सोडला नाही.

"उद्या पहाटे मी लिलावाला येणार. प्रयागबाईला तिचा वरचा भाव द्यायचा, सगळ्यांदेखत, मोठ्यानं. पण हाटेलाच्या नावावर चिलापीचा खरा भाव लिहायचा, आन् वरचा फरक आडतीच्या नावावर. तुमच्या हातानं. दुसऱ्यानं लिहिलं तर त्याला अर्थ न्हाय. लिहिणार का?"

नईमने तिच्याकडे पाहिलं. मग अब्बांकडे. अमजदभाईंनी हनुवटीने करिमाकडं खूण केली, उत्तर तिला दे.

"लिहिणार का, एवढंच सांगा," करिमा म्हणाली.

बाहेर सोलापूरकडं जाणाऱ्या एका ट्रकने लांब हॉर्न दिला. नईम उठला. खुंटीवरची टोपी घेतली, टेबलावरचं तौसिफचं पेन उचलून खिशाला लावलं, चपला पायात सरकवल्या आणि मागच्या दाराने शेडच्या बाजूला निघून गेला.